तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या पिकअपवर किती सवलत मागावी?

नवी पिकअप घ्यायला निघालेली ओळखीची माणसे मला हटकून एकच प्रश्न विचारतात : डीलरकडे सवलत किती मागावी? त्यांना उत्तरादाखल एखादा आकडा हवा असतो, पाच टक्के किंवा आठ टक्के असा, म्हणजे तो मनाशी धरून शोरूममध्ये शिरता येईल आणि तेवढ्यावर अडून बसता येईल. तो आकडा मी सांगत नाही, कारण त्या टेबलावर एकाच वेळी चार-पाच सौदे चाललेले असतात. गाडीची किंमत हा एक, तुम्ही देत असलेल्या जुन्या गाडीची किंमत हा दुसरा, कर्जाचा दर आणि मुदत हा तिसरा, विमा व वाढीव वॉरंटी हा चौथा, आणि गाडीवर चढवलेल्या ॲक्सेसरीज हा पाचवा. यांपैकी एकात दिलेली सवलत उरलेल्या चारांतून वसूल करता येते, आणि अनुभवी सेल्समन ती इतक्या सफाईने वसूल करतो की गिऱ्हाईक समाधानाने हात मिळवून बाहेर पडते. म्हणून किती मागावे याआधी कशावर मागावे हे पाहावे लागते, आणि त्यासाठी हे पाचही आकडे वेगवेगळे, लेखी स्वरूपात समोर असावे लागतात.

घासाघीस हा धीटपणाचा खेळ आहे, जो चढ्या आवाजात बोलतो आणि दोनदा उठून दाराकडे चालू लागतो त्यालाच गाडी स्वस्त मिळते, असा समज सर्वत्र आहे. मला तो बराचसा चुकीचा वाटतो. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या अमेरिकी अभ्यासकांनी शिकागो परिसरातील नव्या मोटारींच्या शोरूममध्ये केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीनशेहून अधिक वेळा जोडीजोडीने बनावट गिऱ्हाइके पाठवण्यात आली होती आणि घासाघीस कशी करायची हे सर्वांना सारखेच पढवलेले होते. तरीही गोऱ्या पुरुषांना सांगितलेल्या किमती सर्वांत कमी निघाल्या. गोऱ्या स्त्रियांना, कृष्णवर्णीय स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय पुरुषांना अधिक किमती सांगितल्या गेल्या. बोलणे तेच, पद्धत तीच, किंमत वेगळी. याचा अर्थ, तुम्ही तोंड उघडण्याआधीच समोरच्याने तुमच्याविषयी काही अंदाज बांधलेला असतो, आणि सांगितलेल्या किमतीत तो अंदाज मिसळलेला असतो. समोरासमोर बसून पहिली किंमत ऐकण्यापेक्षा घरी बसून तीन-चार डीलरांकडून लेखी कोटेशन मागवावे असे मी आग्रहाने सांगतो, ते याच कारणासाठी. कागदावरून मागणी करणाऱ्याच्या चेहऱ्यावरून, कपड्यांवरून किंवा सोबत आलेल्या मुलांच्या उत्साहावरून अंदाज बांधण्याची सोय राहत नाही.

दुसरा अभ्यास मला याहूनही बोलका वाटतो. मोटार कंपन्या विक्री वाढवण्यासाठी दोन प्रकारे पैसे सोडतात : काही वेळा थेट गिऱ्हाइकाला जाहीर सूट देतात, काही वेळा तीच रक्कम गुपचूप डीलरला देतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशेबाने पाहिले तर पैसे कोणाच्या हातात दिले याने फारसा फरक पडू नये, कारण घासाघीस झाल्यावर ते दोघांत वाटले जाणारच. अर्थशास्त्रज्ञ मेघन बसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विक्रीची आकडेवारी तपासून २००६ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो मात्र वेगळा होता. जाहीर सुटीपैकी ७० ते ९० टक्के रक्कम गिऱ्हाइकाच्या पदरी पडत होती, आणि डीलरला दिलेल्या रकमेपैकी अवघी ३० ते ४० टक्के. याचे संभाव्य कारण म्हणून त्यांनी माहितीतील तफावत पुढे केली : पहिल्या सुटीची गिऱ्हाइकाला खबर असते, दुसरीची नसते. तेव्हा शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी ‘या मॉडेलवर या महिन्यात कंपनीकडून डीलरला काही मिळत आहे का’ हा प्रश्न निदान चार ठिकाणी विचारावा. खरे उत्तर एखाद्याच ठिकाणी मिळेल, पण तेवढे पुरते.

पिकअपच्या बाबतीत कोटेशनांची तुलना करणे मोटारीपेक्षा अवघड असते, आणि ही अडचण डीलरच्या पथ्यावर पडते. एकाच नावाची पिकअप एका रांगेच्या केबिनची असते तशी दोन रांगांच्या केबिनचीही; हौदा आखूड असतो किंवा लांब; चालना दोन चाकांना असते किंवा चारही चाकांना; इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर (गाडीची ओढण्याची ताकद यावर बरीचशी ठरते), स्प्रिंगच्या पाट्यांची ताकद, टोइंगची म्हणजे ट्रेलर ओढण्याची तयारी, सगळे वेगवेगळे निवडता येते. त्यामुळे दोन डीलरांच्या आवारात उभ्या असलेल्या दोन पिकअप तंतोतंत सारख्या क्वचितच असतात, आणि ‘त्यांच्याकडे स्वस्त मिळते आहे’ असे तुम्ही म्हणालात की ‘ती ही गाडीच नव्हे’ हे उत्तर तयार असते. अनेकदा ते खरेही असते. यावर उपाय एवढाच की आपल्याला हवी असलेली रचना आधी स्वतः एका कागदावर पूर्ण लिहावी आणि प्रत्येक डीलरला त्याच कागदावर किंमत मागावी. ती गाडी त्याच्याकडे नसेल तर कारखान्यातून मागवण्याची किंमत सांगू द्यावी. तयार गाडी घेण्यात मात्र एक फायदा आहे. डीलरकडचा माल सहसा उधारीवर उभा असतो, त्यावर त्याला व्याज भरावे लागते, आणि कित्येक महिने न हललेली गाडी त्याच्या डोक्यावर बसलेली असते. रंग किंवा हौद्याचे झाकण अशा किरकोळ गोष्टींत तडजोड करायची तयारी असेल तर अशा गाडीवर बोलणी मोकळेपणाने होतात. ॲक्सलचे गुणोत्तर किंवा भारक्षमता यांत मात्र सवलतीच्या मोहाने तडजोड करू नये. ती पुढे रोज भोगावी लागते.

आता हप्ता. ‘महिन्याला किती झेपेल?’ हा सेल्समनचा आवडता प्रश्न आहे आणि त्याला उत्तर देऊ नये, असे मी शब्दशः सांगतो. हप्त्याचा आकडा एकदा तुमच्या तोंडून निघाला की गाडीची किंमत हा विषयच टेबलावरून उठतो, कारण मुदत ताणून कोणतीही किंमत त्या हप्त्यात बसवता येते. चलन कोणतेही असो, १,००,००० चे कर्ज घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज मोजून, वर्षाला ९ टक्क्यांनी घेतले तर ६० महिन्यांसाठी हप्ता सुमारे २,०७६ पडतो. तेच ८४ महिन्यांवर नेले की तो १,६०९ वर उतरतो. हप्ता साडेचारशेहून अधिक खाली आला म्हणून गिऱ्हाईक खूश होते, परंतु एकूण परतफेड १,२४,५५० वरून १,३५,१४८ वर गेलेली असते. इतका फरक सवलत म्हणून मागितला असता तर डीलरने हात जोडले असते. शिवाय लांब मुदतीत गाडीची बाजारातील किंमत कर्जाच्या शिलकीपेक्षा लवकर उतरते, आणि मध्येच गाडी विकायची वेळ आली तर विकून आलेल्या पैशांत कर्ज फिटत नाही.

दर सांगतानाही तो सपाट आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारून घ्यावे लागते. सपाट दरात व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजले जाते, मग तुम्ही मुद्दल कितीही फेडलेले असो. वरच्याच कर्जावर ९ टक्के सपाट दराने पाच वर्षांचे व्याज ४५,००० होते, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर साडेपंधरा टक्क्यांच्याही पुढे जातो. दोन्ही ठिकाणी जाहिरातीत ९ हाच अंक छापलेला असतो. यासाठी शोरूमला जाण्यापूर्वी आपल्या बँकेकडून दर आणि मंजुरी घेऊन ठेवावी. डीलरने त्याहून कमी दर दिला तर आनंदाने घ्यावा. कर्ज जमवून दिल्याबद्दल त्याला अनेकदा कर्ज देणाऱ्याकडून मोबदला मिळतो, त्यामुळे दर खाली आणायला त्याच्याजवळ काही जागा असते, पण तुलनेचा दर तुमच्या खिशात असल्याशिवाय ती तो दाखवत नाही. ‘बिनव्याजी कर्ज किंवा रोख सूट, दोहोंपैकी एक’ अशी योजना असेल तर वाक्याच्या आकर्षकपणावर न जाता गणित करावे. १,००,००० च्या गाडीवर ८,००० ची रोख सूट घेऊन उरलेले ९ टक्क्यांनी फेडले, तर दोन वर्षांत सुमारे १,००,८७२ जातात, म्हणजे बिनव्याजीच्या जवळपास तेवढेच. पाच वर्षांत मात्र १,१४,५८६ जातात आणि बिनव्याजी कर्ज उघडपणे सरस ठरते. मुदत बदलली की उत्तर बदलते, आणि हे सेल्समन आपण होऊन सांगत नाही.

जुन्या गाडीविषयी थोडक्यात सांगतो. तिची किंमत बाहेर दोन ठिकाणी काढून ठेवावी आणि नव्या गाडीचा भाव लेखी पक्का होईपर्यंत तिचा विषय काढू नये. काही ठिकाणी एक्स्चेंजमध्ये दिलेल्या गाडीची किंमत करपात्र रकमेतून वजा होते. तसे असेल तर डीलरची थोडी कमी किंमतही परवडू शकते, एवढा एक हिशेब तेवढा जोडून पाहावा.

ॲक्सेसरीजबद्दल मला अधिक बोलावेसे वाटते, कारण पिकअपमध्ये त्या दोनदा महाग पडतात. पुढे जाड लोखंडी गार्ड, हौद्यावर कठीण झाकण, आत अस्तर, बाजूला पायऱ्या, मागे पेट्या, असे बरेच काही ‘बसवूनच येते’ असे सांगितले जाते. त्यांची किंमत बिलात दिसते, पण त्यांचे वजन बिलात दिसत नाही. प्रत्येक पिकअपला एकूण भरलेल्या वजनाची मर्यादा ठरलेली असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की जे उरते ती भारक्षमता, आणि त्या भारात सामानाबरोबर चालक व सोबतची माणसेही मोजायची असतात. ट्रेलर ओढायचा असेल तर त्याच्या वजनाचा जो भाग पिकअपच्या मागच्या जोडणीच्या हुकवर टेकतो, साधारणपणे १० ते १५ टक्के, तोही यातच धरावा लागतो. आता २,००० किलोच्या ट्रेलरचे २०० ते ३०० किलो, केबिनमधल्या चार माणसांचे ३०० किलो आणि डीलरने चढवलेल्या लोखंडाचे १५० किलो एकत्र केले, तर जाहिरातीत दिसलेल्या भारक्षमतेतून ६५० ते ७५० किलो हौद्यात काही ठेवण्याआधीच संपतात. ज्या गुणासाठी मोटार न घेता पिकअप घेतली तोच गुण पैसे मोजून कमी करून घ्यायचा, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. नको असलेली वस्तू ‘काढता येत नाही’ असे सांगितले तर तिची किंमत शून्य लिहून मागावी. रंगावरचा थर, खालून मारलेला लेप आणि टायरमधला नायट्रोजन यांच्या किमती अशा मागणीपुढे फार वेळ टिकत नाहीत.

महिनाअखेरीस स्वस्त मिळते का, हेही लोक विचारतात. डीलरला ठरावीक संख्येवर कंपनीकडून बोनस मिळत असेल आणि तो आकडा एक-दोन गाड्यांनी हुकत असेल, तर मिळते. लक्ष्य आधीच पुरे झाले असेल किंवा आवाक्याबाहेर गेले असेल, तर तारखेने काही होत नाही. दोन्हीपैकी काय आहे ते तुम्हाला बाहेरून कळत नाही, म्हणून महिनाअखेरीस जावे, पण तिच्या भरवशावर राहू नये.

मग प्रत्यक्ष बोलणी कशी करावीत? सर्व कर, नोंदणी, विमा आणि शुल्के धरून गाडी ताब्यात येईपर्यंतची एकूण रक्कम प्रत्येक डीलरकडून बाबवार लिहून घ्यावी. सर्वांत कमी कोटेशन हाती आले की ज्याच्याकडून घेणे सोयीचे आहे त्याला ते दाखवून एकदाच विचारावे की याहून कमी किती करता. तो जे सांगेल ते पटले तर घ्यावे, नाही तर ते सर्वांत कमी कोटेशन देणाऱ्याकडे जावे. तिसरी-चौथी फेरी करून आणखी थोडे काढण्यात जो वेळ जातो तो मला भरून येताना दिसत नाही, आणि ज्याच्याकडे पुढची कित्येक वर्षे सर्व्हिसिंगला जायचे आहे त्याला अगदी पिळून काढण्यात शहाणपणही नाही. बुकिंगची रक्कम परत मिळेल की नाही हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय भरू नये.

शेवटचे पैसे मात्र गाडी दिवसाउजेडी पाहिल्यावरच द्यावेत. चेसिस नंबर कागदांशी जुळवावा, गाडीवरची वजनमर्यादांची पट्टी वाचून ठरलेल्याच रचनेची गाडी आली आहे ना ते पाहावे, आणि टायरच्या कडेवरचे चार अंक वाचावेत. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, त्यामुळे गाडी आवारात किती काळ उभी होती याचा अंदाज येतो. त्यानंतर अंतिम बिल मूळ कोटेशनशेजारी ठेवून ओळ न ओळ वाचावे. ‘हाताळणी’, ‘कागदपत्रे’ किंवा ‘संरक्षण पॅकेज’ अशा नावाची एखादी नवी ओळ तिथे उगवलेली असेल, तर सही करण्याआधी ती खोडायला सांगावी, आणि खोडेपर्यंत पेन खाली ठेवून बसावे.