फिटच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या – माझा अनुभव

मला फिट यायची ती सिनेमातल्यासारखी तोंडाला फेस येणारी नाही. पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं व्हायचं, कारण नसताना एकदम भीती, आणि मग मिनिटभर नुसती टक लावून बसायचे. कितीतरी वर्षं गॅस नाहीतर टेन्शन म्हणून औषधं खाल्ली. न्यूरोवाल्या डॉक्टरांनी मात्र पोटातलं आणि भीतीचं ऐकलं आणि लगेच म्हणाले टेंपोरल लोब, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग, बघूया. तिथे आत खोलवर बदामाएवढा अमिग्डला असतो, भीतीचं काम त्याच्याकडे, आणि त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस, जो नवीन आठवणी पक्क्या करतो.

व्हिडिओ ईईजीला, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचे सिग्नल आणि सोबत व्हिडिओ घेतात त्या तपासणीला, ॲडमिट केलं (डोक्याला तेल लावून जाऊ नका, वायरी चिकटत नाहीत). गोळ्या कमी करतात, धड झोपू देत नाहीत, म्हणजे जी येऊ नये म्हणून इतकी वर्षं देव पाण्यात घातले तिचीच वाट बघत बसायचं. पहाटे आली एकदाची, नवऱ्याने बटण दाबलं. नंतर रेकॉर्डिंग बघितलं तर मी तोंडाने चघळल्यासारखं करतेय, डावा हात चादर चाळवतोय आणि उजवा वाकडा होऊन ताठ. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस आकसलेला निघाला. मग मेमरी टेस्ट. मॅडमनी शब्दांची यादी परत परत वाचून दाखवली आणि अर्ध्या तासाने विचारली तर माझी पाटी कोरी, आकृती मात्र बऱ्यापैकी काढली. मी रडकुंडीला आले तर डॉक्टर म्हणे ऑपरेशनच्या दृष्टीने हे बरंच आहे, शब्दांची स्मृती बहुतेकांची डावीकडे असते, तुमची आधीच कमजोर म्हणजे गमावण्यासारखं कमी, ज्यांची चांगली असते त्यांचाच तोटा जास्त होतो. नापास झाल्याचं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं!

ऑपरेशनमध्ये आकसलेला हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग काढतात. दोन्हीकडचं का काढत नाहीत विचारलं तर हेन्री मोलेसनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत 1953 मध्ये त्याचं दोन्हीकडचं काढलं, फिट कमी झाल्या पण नवीन काही लक्षातच राहीना, 2008 मध्ये वारला तोपर्यंत तसंच. तरी आरशात बघून चांदणी गिरवायला मात्र तो सरावाने शिकला, आणि आपण हे आधी केलंय हेच त्याला आठवायचं नाही! हाताचं कसब मेंदूत दुसरीकडे साठतं म्हणे.

माझं डावीकडचं झालं. गोळ्या चालूच आहेत, वस्तूंची नावं पटकन सुचत नाहीत, फिट मात्र अजून नाही. आणि हो, व्हिडिओ ईईजीला पुढून बटणं असलेले कपडेच न्या, वायरींतून टीशर्ट काढता येत नाही.