रवांडात क्रिकेट शिकवताना: माझा अनुभव

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि शनिवार-रविवार क्लबात मुलांना क्रिकेट शिकवतो. ‘क्रिकेट विदाउट बाउंडरीज’ ही ब्रिटिश संस्था २००५ पासून आफ्रिकेत क्रिकेटच्या जोडीने एचआयव्हीबद्दल जागृती करते. तिच्यातर्फे मी रवांडाला जाऊन आलो. जायचं कसं, असं ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहितोय.

अर्ज, मुलाखत, मुलांसोबत काम करायचं म्हणून पोलिसी नोंदींची तपासणी, लसी, मलेरियाच्या गोळ्या. यात वेळ जातो, पण अवघड काही नाही. खर्च मात्र आपणच उभा करायचा असतो. इथल्या गणेशोत्सवात आम्ही वडापावचा स्टॉल लावला, तेव्हा मंडळातल्या काकू-मावश्यांनी पहाटेपासून बटाटे उकडले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणखी एक, बॅग भरताना प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका. रवांडात २००८ पासून त्यांवर बंदी आहे.

खरा कस मैदानावर लागतो. खेळ थांबवून भाषण सुरू केलं की पोरांचं लक्ष उडालंच म्हणून समजा. त्यामुळे सांगायचं ते खेळातच बसवावं लागतं. चेंडू म्हणजे विषाणू, आणि तीन स्टंप म्हणजे घाईने शरीरसंबंध न ठेवणं, जोडीदाराशी एकनिष्ठ राहणं आणि कंडोम वापरणं. बॅटने स्टंप राखायचे. हे मुलांना चटकन कळतं.

मला स्वतःला झेलांचा खेळ जास्त भावला. तिथली स्थानिक प्रशिक्षक एक वाक्य म्हणते आणि चेंडू उडवते. वाक्य खरं वाटलं तर झेल घ्यायचा, खोटं वाटलं तर चेंडू सोडायचा. ‘हात मिळवल्याने एचआयव्ही होतो.’ बहुतेकांनी सोडला. ‘एका ताटात जेवल्याने होतो.’ सोडला. ‘डास चावल्याने होतो.’ यावर मात्र धडाधड झेल घेतले गेले! मलेरियाच्या देशात असं वाटणं साहजिकच आहे. मग तिथेच लाल मातीत गोल करून बसलो. हा विषाणू डासाच्या शरीरात टिकत नाही, वाढत नाही, हे तिने किन्यारवांडा या तिथल्या भाषेत समजावलं. तेवढ्यात मागून एका मुलीने विचारलं, आईला असेल तर बाळाला होतोच का? गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईने औषधं नियमित घेतली तर तो धोका फारच कमी होतो, असं प्रशिक्षिकेने सांगितलं. त्यावर त्या मुलीने लागोपाठ आणखी प्रश्न विचारले.

तो प्रश्न मला कुणी विचारला नसता. परक्या पाहुण्याला कोण विचारेल? म्हणून माझं ठाम मत आहे की, मुलांसोबत फोटो काढण्यापेक्षा तिथल्या शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना तयार करण्यात आपला वेळ घालवावा. आपण परत येतो, ते तिथेच असतात.

शेवटी किगालीजवळच्या गहांगा मैदानावर शाळांचे सामने झाले. २०१७ साली सुरू झालेलं, विटांच्या कमानींचं हे स्टेडियम डोळ्यांचं पारणं फेडतं. कडेला एचआयव्ही तपासणीचा तंबू होता. बोटातून थेंबभर रक्त, वीसेक मिनिटांत निकाल. आधी मोठ्या मुलांचा एक कर्णधार आत गेला आणि मग त्याचा अख्खा संघ रांगेत उभा राहिला.

जाणार असाल तर बॅटींपेक्षा टेनिसचे चेंडू जास्त न्या. गवतात हरवतात, आणि तिथे सहज मिळत नाहीत.