तुम्ही विचारलंत म्हणून: कापूरवृक्षांचा गव्हर्नर

केप टाउनला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना फेरखेलेखनला नेतो. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी ही जुनी जमीनदारी आहे. घरासमोर पाच अवाढव्य कापूरवृक्ष उभे आहेत, तीनशे वर्षांपूर्वी लावलेले. पान चुरगळून हुंगलं की देवघर आठवतं. आणि मग तो प्रश्न येतोच: "ज्यानं हे उभं केलं त्या गव्हर्नरला काढून का टाकलं? चार पैसे स्वतःसाठी मिळवले, तर एवढं काय बिघडलं?"

पुष्कळ बिघडलं. नीटच सांगतो.

विलेम आद्रियान फान देर स्टेल १६९९ मध्ये केपचा, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या ठाण्याचा, गव्हर्नर झाला. आधी ती खुर्ची त्याच्या वडिलांची, सिमॉन यांची होती. स्टेलेनबॉश हे गाव वसवलं ते याच सिमॉननी. पुढच्याच वर्षी तपासणीला आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून विलेमनं ४०० मॉर्गन, म्हणजे जवळपास साडेआठशे एकर जमीन मिळवली. तिथे पाच लाखांच्या आसपास द्राक्षवेली, संत्र्यांच्या बागा, पाट, तलाव, अष्टकोनी भिंतीआडचं उद्यान, शिवाय गुरं-मेंढ्यांचे कळप. हे सगळं सहा-सात वर्षांत झालं. त्याला शेतीचं खरंखुरं वेड होतं, हे मी मान्य करतो. पण राबणारे हात आणि लागणारं सामान कंपनीच्या खात्यातून येतं, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. आणि ज्या कुरणांवर हे कळप चरत, ती मुळात खोईखोई या इथल्या मूळच्या पशुपालक लोकांची होती.

आता केपचं गणित समजून घ्या. डच ईस्ट इंडिया कंपनीनं ते ठाणं वसवलं ते आशियात जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना मांस, भाजी, धान्य, दारू मिळावी म्हणून. शेतकऱ्याला दुसरी बाजारपेठच नव्हती. माल कोणाचा घ्यायचा, काय भावानं घ्यायचा, मांसाचा आणि दारूचा मक्ता कोणाला द्यायचा, हे सगळं गव्हर्नरच्या हातात. आणि तोच गव्हर्नर आता सगळ्यात मोठा बागायतदार! त्याचे वडील, भाऊ आणि हाताखालचे अधिकारीही जमिनी धरून बसलेले. वर्षभर खपून पिंप भरलेल्या माणसानं दाद मागायची कोणाकडे? भाव ठरवणाऱ्याकडे? तो तर स्वतःच विक्रेता होता. मला चीड येते ती इथे.

शेवटी आडाम तास नावाच्या शेतकऱ्यानं लेखणी उचलली. तक्रारअर्जावर ६३ सह्या झाल्या. गव्हर्नरनं उलट अर्ज तयार केला, लोकांना किल्ल्यावर बोलावून खाऊपिऊ घातलं आणि आपल्या कारभाराची स्तुती करणाऱ्या मजकुरावर २४० सह्या घेतल्या. २८ फेब्रुवारी १७०६ ला पहाटे तासला घरातून उचललं, कागद जप्त केले. त्याला वर्षभराहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. बाकीच्या पुढाऱ्यांपैकी काहींना जहाजात घालून हॉलंडला धाडलं, आणि तिथेच गव्हर्नर चुकला. तक्रारदार आयतेच कंपनीच्या मालकांच्या दारात पोहोचले. संचालकांनी त्याला बडतर्फ केलं. हुकूम १७०७ च्या एप्रिलात केपला आला. कंपनीच्या नोकरांनी इथे जमीन बाळगायची नाही, धान्य-दारू-गुरांचा व्यापार करायचा नाही, असंही ठरलं. फेरखेलेखनचे चार तुकडे करून विकले. विलेम हॉलंडला परतला आणि १७३३ मध्ये तिथेच वारला.

मात्र तासच्या बाजूचे लोक साधे गरीब शेतकरी होते असं समजू नका. त्यांचा म्होरक्या हेनिंग ह्युसिंग मांसाच्या मक्त्यावर गबर झालेला होता. मक्ता गेला तेव्हा त्याला गव्हर्नरचा अन्याय दिसू लागला. तक्रार खरी होती, तरी तक्रार करणारे स्वतः गुलाम बाळगत होते.

आपल्याकडच्या पाहुण्यांना मी आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती ऐकून सगळे गप्प होतात. सिमॉनची आजी मोनिका. कागदपत्रांतून ती 'गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका' म्हणून ओळखली जाते, आणि ती गुलाम होती. तिचा पणतू विलेम जवळपास दोनशे गुलामांच्या जोरावर हा मळा फुलवत होता. कोकण किनाऱ्यावरच्या एका बाईची पणतवंडं इथवर येऊन मालक झाली, हे मला अजूनही सहज पचत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पुरातत्त्वज्ञांनी फेरखेलेखनच्या गुलामांच्या वस्तीचं उत्खनन केलं. जमिनीखाली, लाकडी पेटीत, एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा मिळाला. हाडांच्या तपासणीतून कळलं ते एवढंच: बालपण उष्ण प्रदेशात, ज्वारी-बाजरीच्या जातीच्या धान्यांवर गेलेलं, आणि पुढची वर्षं केपमध्ये, समुद्रातल्या अन्नावर. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. तिच्यासारख्या राबणाऱ्यांपैकी एकाचीही सही त्या ६३ मध्ये नव्हती, आणि २४० मध्येही नव्हती.