हरवलेला डग्गा

२०१२ पासून घरची ही म्युझिक सिस्टीम थोडी थोडी बदलत आलोय. सुरुवात झाली ४० वॉटचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे दिलेल्या वॉटमध्ये आवाज जरा कमीच काढणारे, छोटे बुकशेल्फ स्पीकर्स घेऊन. गळा सुंदर यायचा. तबला लागला की चाट लख्ख ऐकू यायची, पण डग्गा जागेवर नसायचाच.

वाटलं, ॲम्प कमी पडतोय. २०१५ मध्ये ८० वॉटचा घेतला. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डीबी, हे तेव्हा माहीत असायला हवं होतं. केबल बदलल्या, फरक जाणवला नाही.

उलगडा झाला २०१९ मध्ये, मोजमापाचा मायक्रोफोन आणल्यावर. स्वीप, म्हणजे खर्जापासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर, चालवला आणि आलेखात ८६ हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा! स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून बरोबर १ मीटरवर होतं. खर्ज मागेही पसरतो. भिंतीवर आपटून परतेपर्यंत तो २ मीटर जास्त चालतो. ८६ हर्ट्झची लहर साधारण ४ मीटरची. म्हणजे परतणारी लहर नेमकी अर्ध्या लांबीने मागे पडते आणि मूळ आवाज खाऊन टाकते. इक्वलायझरने तिथे ६ डीबी चढवून पाहिले, तर परतणारी लहरही तेवढीच चढली. खड्डा तसाच, ॲम्पवर मात्र तिथे चौपट भार.

स्पीकर्स पुढे ओढायचे की मागे ढकलायचे, यात दोन आठवडे गेले. शेवटी ४० सेंटीमीटरवर आणले. खड्डा २१५ हर्ट्झच्या जवळ सरकला, आणि तिथे १० सेंटीमीटर जाडीचं, आवाज शोषणारं रॉकवूल, मागे थोडी हवा सोडून लावलं, की चांगलं काम करतं. ८६ ला तेवढी जाडी पुरली नसती. त्या रात्री डग्ग्यावरची मींड पहिल्यांदा पूर्ण ऐकली, खालपर्यंत. तीच रेकॉर्डिंग पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत होतो.

२०२२ मध्ये फक्त खर्जासाठीचा स्पीकर, म्हणजे सबवूफर आला. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याखालचं सगळं सबवूफरकडे. तो आधी ऐकायच्या खुर्चीवर ठेवला आणि भिंतींच्या कडेने रांगत फिरलो. जिथे खर्ज सगळ्यात एकसारखा लागला, तिथे त्याची जागा ठरली. खोली ४.३ मीटर लांब, म्हणजे ४० हर्ट्झच्या लहरीच्या निम्मी, त्यामुळे तिथे घुमार उठतो. खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे घेतल्यावर तो बराच उतरला.

आता राहिलंय ते डावं-उजवं जुळवणं. उजव्या स्पीकरशेजारी दार, डाव्याशेजारी भिंत, म्हणून २०० ते ३०० हर्ट्झमध्ये दोन्ही आलेख वेगळे दिसतात. दारावर टांगायच्या, आवाज शोषणाऱ्या पॅनेलची चौकट तयार आहे, कापड ताणायचं बाकी आहे.