गरिज्जीमवरची कोकरं

पवित्र भूमीच्या यात्रा नेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. गट बहुतेक वसईचे असतात, सोबत एक फादर. जागा उरल्या तर अहिल्यानगर, संगमनेरकडची प्रॉटेस्टंट मंडळीही येतात. नाब्लूसला आम्ही याकोबाच्या विहिरीसाठी थांबतो. विहिरीचं पाणी पितो, योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचतो आणि बसमध्ये बसतो. त्या वर्षी मात्र आमची नाब्लूसची तारीख आणि शोमरोन्यांचा, म्हणजे समॅरिटन लोकांचा, वल्हांडण एकाच दिवशी आले. वल्हांडण म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून झालेल्या सुटकेच्या आठवणीचा सण. त्यांचं पंचांग निराळं, त्यामुळे हा योग सहसा जुळत नाही. फादरांना विचारलं, त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि बस गरिज्जीम डोंगर चढू लागली.

विहिरीवर येशूशी बोलणारी बाई याच लोकांपैकी. आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली असं ती म्हणाली, तो हाच डोंगर. आज हे लोक सगळे मिळून हजाराच्या आत आहेत. काही इथे डोंगरावरच्या वस्तीत राहतात, काही तेल अवीवजवळच्या होलोनला. यरुशलेमचं मंदिर इ.स. 70 मध्ये पडलं आणि यहुद्यांचा कोकराचा बळी थांबला, त्यांच्या सेदरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या जेवणाच्या, ताटात आता आठवणीपुरतं एक भाजलेलं हाड असतं. शोमरोन्यांचं पवित्र स्थान यरुशलेममध्ये कधी नव्हतंच. त्यांचा बळी म्हणून आजही होतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा जमिनीतल्या खोल भट्ट्या धडाडून पेटल्या होत्या. पांढऱ्या कपड्यातले पुरुष आणि मुलगे आपापलं कोकरू घेऊन उभे होते. गटात संगमनेरकडच्या एक आजी होत्या, जन्मभर शेळ्यामेंढ्या राखलेल्या. बाकीची मंडळी मोबाइल वर धरून फोटो काढत होती, आजी थेट कठड्याशी गेल्या. समोर दहा-बारा वर्षांचा एक पोरगा कोकराच्या मानेवर हात ठेवून उभा होता. त्या हाताखाली कोकरू निवांत होतं, रवंथ करत होतं. आजींनी त्याचं तोंड, कान, खूर नीट न्याहाळले.

"आदत हाय," त्या म्हणाल्या. "दात लावल्याला न्हाई अजून. खोट बी न्हाई कुठं."

एक वर्षाचा दोषहीन नर, बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली अट त्यांनी एका नजरेत तपासली होती. मी त्यांना सांगितलं की शास्त्रात कोकरू दहाव्या दिवशी निवडायचं आणि चौदाव्या दिवसापर्यंत सांभाळायचं आहे. आजी म्हणाल्या, "मंग पोरांनी नाव ठिवलं आसंल त्याला."

हा अध्याय मला जवळजवळ पाठ आहे. तरी त्या चार दिवसांत घरात काय होत असेल, हे मला आजींनी दाखवलं. आपण मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, 'देवाचा कोकरा' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर वेदीवरचं स्वच्छ पांढरं चित्र येतं. निर्गमातलं कोकरू मात्र घरच्यांचं असतं, त्याला चारा घातलेला असतो.

सूर्य टेकला. मुख्य याजक प्राचीन हिब्रूत वाचत होते, आणि मंडळीने कोकरू वधावं हे शब्द येताच सुऱ्या चालल्या. सगळं क्षणार्धात आटोपलं. मग जल्लोष उसळला, माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली, लहान मुलांच्या कपाळांवर रक्ताचे टिळे लागले. आमच्यातल्या दोघीतिघी रडत होत्या. एका तरुणीने फादरांना विचारलं, "देवाला रक्त लागतंच कशाला?"

फादरांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ते म्हणाले, "निर्गमात हे रक्त देवाला वाहिलेलं नाहीच. एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने ते दाराच्या बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावलंय. आत गुलाम बसलेत, त्यांच्यासाठी ती खूण आहे. त्या रात्री कुणी पापाची कबुली देत नाही. कंबर कसून, पायात जोडे घालून, हातात काठी घेऊन घाईघाईने जेवतात, कारण पहाटे मिसर सोडायचाय." पाप हरण करणारा कोकरा म्हणून योहान बाप्तिस्मा करणाऱ्याने येशूकडे बोट दाखवलं, तेव्हा वल्हांडणाचं कोकरू आणि यशयाच्या 53व्या अध्यायातला, वधाला नेताना तोंड न उघडणारा सेवक एकत्र आले, असं त्यांनी समजावलं. आपण यातला पापाचा धागा घट्ट धरला आणि सुटकेचा सैल सोडला, असं मला त्या डोंगरावर प्रकर्षाने वाटलं, आजही वाटतं.

इकडे उकळत्या पाण्याने लोकर काढणं, साफसफाई, मीठ चोळणं चाललं होतं. कोकरू अख्खंच लांब दांड्यावर चढवतात, हाड मोडायचं नाही. फादरांनी योहानाचा 19वा अध्याय उघडला: दोघांचे पाय मोडले, येशूचे मोडले नाहीत. आंब भरलेला बोळा त्याच्या तोंडाशी नेला तोही एजोबावरच. योहानाच्या हिशोबाने येशू मरतो वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, मंदिरात कोकरं कापायच्या वेळी. बाकी तिघांच्या शुभवर्तमानांत शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन आहे.

माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. खाली दिवे लागलेलं नाब्लूस हे रोमी काळातलं फ्लाविया नेआपोलिस, दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक संत जस्टिन यांचं जन्मगाव. कोकरू भाजताना एक सळई खालून डोक्यापर्यंत आणि दुसरी पाठीवर आडवी घालतात, तिला पाय बांधतात, म्हणजे त्याचा क्रूसच होतो, असं त्याने लिहून ठेवलंय. याच डोंगराच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाने हे डोळ्यांनी पाहिलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

दांडे भट्टीत उतरले, भट्ट्यांची तोंडं लिंपून बंद झाली. मांस मध्यरात्री निघणार होतं. आजींनी विचारलं, "आपल्याला घास मिळंल का?"

नाही. परक्याने यातलं खायचं नाही, हेही त्याच अध्यायात आहे. बेखमीर भाकर आणि कडू भाजीबरोबर ते फक्त त्यांचे लोक खातात आणि उरलेलं सकाळच्या आत जाळतात. आजींना त्याचं वाईट वाटलं नाही. "बराबर हाय, ज्याच्या दाराला रगत त्याच्याच घरात घास," म्हणाल्या आणि बसकडे निघाल्या.

वाईट मला वाटलं, दुसऱ्या दिवशी यरुशलेममध्ये. मिस्सात फादरांनी भाकर उचलून 'हा पाहा देवाचा कोकरा' म्हटलं, आम्ही ती घ्यायला रांगेत गेलो, आणि प्रॉटेस्टंट म्हणून आजी बाकावर बसून राहिल्या. कॅथलिक चर्चचा नियम मला माहीत आहे, त्यामागचा विचारही माहीत आहे. पण आदल्या संध्याकाळी त्या कोकराची पारख आम्हां सगळ्यांत त्यांनाच होती.

दुपारी मी फादरांपुढे निर्गम 12चं चौथं वचन ठेवलं. घर लहान असेल आणि कोकरू जास्त होत असेल, तर शेजाऱ्याला सोबत घ्यावं, असं तिथे सांगितलंय. पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या, मिस्साचं पहिलं वाचन हेच, दर वर्षी आपल्या कानांवर पडतं, आणि लक्षात राहतं ते फक्त दारावरचं रक्त. फादर म्हणाले, "नियम माझ्या हातात नाही. प्रवचन आहे." पुढच्या पवित्र गुरुवारी त्यांनी वसईत या एका वचनावरच प्रवचन केलं. आजी संगमनेरहून आल्या होत्या, पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. बाकावरून त्या त्याही दिवशी उठल्या नाहीत.