तुम्ही विचारलंत म्हणून : सगळं खुलं, मग धवल्यांना अट का?

नवा अंक वेबसाइटवर चढला की कुणी ना कुणी विचारतंच, ‘मॅडम, तुम्ही तर पहिल्यापासून ओपन ॲक्सेसवाल्या. मग धवल्यांच्या लेखाला वेगळी अट कशी? तत्त्व सोडलंत का?’ ओपन ॲक्सेस म्हणजे संशोधन कुणालाही मोफत वाचायला खुलं ठेवणं, आणि धवले म्हणजे आगरी लग्नातली गाणी. परवा तलावपाळीवर एका जुन्या विद्यार्थ्यानेही हेच विचारलं. उभ्या उभ्या देता येईल असं ते उत्तर नव्हतं.

ठाण्यातल्या एका कॉलेजातून आम्ही तिघी लोकसंस्कृतीवरचं छोटं संशोधन नियतकालिक चालवतो. वर्षाला दोन अंक, प्रत्येक लेख दोन परीक्षकांकडून तपासलेला. पैसे वाचकाकडून घेत नाही, लेखकाकडूनही नाही. ‘डायमंड’ म्हणतात तो हाच प्रकार. एरवी वाचकाचं बिल लेखकाच्या माथी मारायची रीत आता सर्रास झाली आहे. ‘नेचर’ने २०२० साली एका लेखामागे ९,५०० युरो असा दर जाहीर केला होता. शहापूरकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मुलीचा पहिला लेख आम्ही स्वीकारला, तेव्हा तिने आधी विचारलं, ‘मॅडम, फी किती भरायची?’ काहीच नाही म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, ‘आणि छापून आल्यावर?’ वाचायला पैसे नाहीत आणि छापायलाही नाहीत, हे आम्ही कधी सोडलेलं नाही, सोडणारही नाही.

बदलला तो परवाना, म्हणजे छापलेल्या लेखाचं इतरांनी पुढे काय करावं याची आम्ही दिलेली मुभा. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात मुक्त प्रवेशाची, म्हणजे ओपन ॲक्सेसची, व्याख्या आहे: लेख कुणीही वाचावा, उतरवून घ्यावा, वाटावा, कुठल्याही कायदेशीर कामासाठी वापरावा, लेखकाच्या हाती राहावं ते लेख मोडतोड न होता राहणं आणि श्रेय मिळणं. ते वाचून आम्ही सगळ्या लेखांना सरसकट ‘सीसी बाय’ हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा तयार परवाना लावला. म्हणजे श्रेय द्या आणि हवं ते करा, विकलंत तरी चालेल. मला ते फार आवडलं होतं, आजही आवडतं.

मग घणसोली गावठाणातल्या एका धवलारणीवरचा लेख आला. आगरी लग्नात एकेका विधीला धवले गाणारी बाई म्हणजे धवलारीण. लेखिकेने दोन वर्षं खेपा घालून गाणी उतरवली होती; त्यातले नऊ धवले आम्ही संपूर्ण छापले. थोड्या दिवसांनी त्या आजींच्या नातीचा फोन आला. ती एका दुकानात कामाला. २०२५ पासून सरकारी विद्यापीठं-कॉलेजांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, म्हणजे संशोधन नियतकालिकांची वर्गणी त्यांच्यासाठी केंद्र सरकार भरतं; तीन वर्षांचे ६,००० कोटी, चांगलंच आहे. पण ही मुलगी त्या संस्थांपैकी कुठल्याच दारातून आत जाऊ शकत नाही. आमचा लेख तिने मोबाइलवर उघडला आणि आजीला वाचून दाखवला. आजी मध्येच थांबवून चुका सांगत होत्या, म्हणे. तिसऱ्या धवल्यात एक ओळ आम्ही खरंच गाळली होती. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली.

त्याच मुलीचा वर्षभराने पुन्हा फोन. लग्नगीतांच्या एका विकाऊ पुस्तकात ते नऊही धवले जसेच्या तसे आले होते. श्रेय रीतसर, लेखिकेला आणि आम्हाला. आजींचं नाव कुठेच नाही. ‘मॅडम, असं चालतं का?’

चालत होतं. आम्हीच दिलेला परवाना होता, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. लेखिकेची सही आम्ही घेतली होती. गाणी जिची, तिला कुणीच विचारलं नव्हतं. त्या प्रकाशकावर मला रागावताही येईना. चूक आमची होती.

आदिवासी समूहांच्या माहितीबाबत २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची तत्त्वं पुढे आली. माहिती ज्यांची, तिच्यावरचा अधिकार आणि तिचा फायदाही त्यांचा, असं ती सांगतात. आगरी समाजाला ती शब्दशः लागू होत नाहीत, पण आम्हाला वाट सापडली ती तिथेच. आता लेखिकेचं विवेचन ‘सीसी बाय’खाली जातं, गाण्यांचे हक्क गायिकेकडे राहतात, आणि तिचं नाव लेखाच्या शीर्षकाखाली येतं. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं; ते घरी जाऊन वाचून दाखवायचं. लेख वाचायला तेव्हाही पैसे लागत नव्हते, आजही लागत नाहीत.

पहिलं पत्र घेऊन मी घणसोलीला गेले ती त्याच आजींकडे. पुढच्या अंकासाठी लेखिकेने आणखी सहा धवले दिले होते. नात एकेक वाचत होती, आजी मान हलवत होत्या. पाचव्याला त्यांनी हात वर केला. ‘हा नको. हा मांडवातच गायचा.’ मी कारण विचारलं नाही.

त्या लेखात पाच धवले आहेत. आजींनी नको म्हटलेल्याच्या जागी एक ओळ आहे: गायिकेच्या इच्छेवरून हा धवला दिलेला नाही.