न्हाणीचा दिवा दोन बटणांवर

गुहागरच्या आमच्या घराची न्हाणी परसात, विहिरीच्या अंगाला आहे. मागच्या पडवीपासून चाळीसेक फूट. दिव्याचं बटण मात्र न्हाणीच्या दाराशी, म्हणजे आधी काळोखातून चालत जा आणि मग उजेड कर. वाटेतल्या गडग्यात फुरसं निघतं, तरी बाबा बॅटरी न घेताच उतरायचे. शेवटी ठरवलं, एक बटण पडवीत, एक तिथे. कुठूनही लावा, कुठूनही मालवा.

पहिल्या वायरमनने स्वस्तातला उपाय काढला. "न्हाणीत गिझरचा फेज-न्यूट्रल आहेच, इकडे पडवीतला घेऊ, मधे एकच वायर टाकू." ऐकायला बरं वाटतं. पण त्यात दोन्ही बटणांना फेजही (वीज आणणारी, शॉक देणारी वायर) येतो आणि न्यूट्रलही (परतीची वायर), आणि दिवा बंद असताना कधी कधी होल्डरच्या दोन्ही टोकांना फेज उभा असतो. ओल्या हाताने बल्ब फिरवणाऱ्या माणसाच्या घरात हे नको. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग शृंगारतळीहून लायसन्सवाले वायरमनकाका आले. त्यांचा हिशेब सरळ: फेज एका टोकाला, दिवा दुसऱ्या टोकाला, न्यूट्रल बटणाला शिवायचाच नाही. टू-वे बटणाच्या मागे तीन स्क्रू असतात, बहुतेकांत मधला कॉमन, म्हणजे बटण दाबलं की बाकी दोघांपैकी एकाला आलटून-पालटून जोडला जाणारा. तरी काकांनी मल्टीमीटर लावून खात्री केलीच. पडवीतल्या बटणाच्या कॉमनला फेज दिला. उरलेल्या दोन स्क्रूंतून दोन वायरी न्हाणीच्या बटणाच्या तशाच दोन स्क्रूंना, आणि त्या बटणाच्या कॉमनमधून दिव्याला. न्यूट्रल थेट होल्डरला. रेल्वेच्या सांध्यासारखं आहे: दोन्ही बटणं एकाच वायरीवर आली की दिवा लागतो, नाहीतर विझतो. साध्या बटणापेक्षा मधे फक्त एक वायर जास्त गेली. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घेतली. फेज लाल, न्यूट्रल काळी, मधल्या दोघी पिवळी आणि निळी.

खरा वेळ गेला तो भिंतीत. जांभ्यात स्क्रू पकडायची गिट्टी धरेना, भोक मारलं की भुगाच बाहेर. काकांनी भोकं सिमेंटने भरून, सुकल्यावर पुन्हा मारली. न्हाणीचा बॉक्स पागोळीपासून आत घेतला आणि पाइप खालून घातला. वरून घातला तर पावसाचं पाणी पाइप धरून आत उतरतं, आणि या खाऱ्या हवेत पितळी स्क्रू आधीच हिरवे पडतात.

रात्री बाबा म्हणाले, "अरे, बंद केला तरी मिणमिणतोय!" एलईडी खरंच अंधुक पेटलेला. दोन मधल्या वायरींपैकी एकीत कायम फेज असतो. लांब अंतर एकमेकींना चिकटून गेल्या की दुसरीत किंचित व्होल्टेज उतरतं, आणि एलईडीला तेवढंही पुरतं. वायरिंगमध्ये दोष नव्हता. दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावला, मिणमिण गेली. तसं न झालं तर दिव्याला समांतर लावायचा कपॅसिटर मिळतो, असं काकांनी सांगून ठेवलंय.

बाबांची तक्रार एकच उरली, "चालू कुठलं नि बंद कुठलं, कळायचं कसं?" टू-वेत बटण खाली असलं म्हणजे चालू, असं काही नसतंच. म्हणून बल्ब बदलायचा तर एमसीबी, म्हणजे लाइन तोडणारा खटका, पाडूनच. तसं खडूने मीटरच्या फळीवर लिहिलं आहे.